जळिताचं दप्तर

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

लेकीच्या घरी, धायरीत. वही नातवाची आहे. पुढच्या पानांवर त्याची भौतिकशास्त्राची गणितं आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली.

काल रात्री आमची इमारत पेटली. शुक्रवार पेठेतली, जुनी, चार मजली. तळमजल्यावर गाद्या-पडद्यांचं दुकान, तिथल्या मीटरपेटीत ठिणगी पडली म्हणतात. फोम पेटला की ज्वाळा उशिरा दिसतात. आधी काळा, तेलकट, घशाला डसणारा धूर येतो. आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. हिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला, मी चष्म्याचं घर. बंब वेळेत आले, पण गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या दुचाक्या उचलून बाजूला ठेवण्यात पोरांचा जीव मेटाकुटीला आला. वरच्या मजल्यावरच्या आजींना जवानांनी शिडीवरून उतरवलं. माणसं सगळी सुखरूप आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण यापुढचं रडगाणं वस्तूंचं आहे.

आमचं घर दुकानाच्या नेमकं डोक्यावर.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. खालून मिरवणूक चालली आहे. राज्याभिषेकाचं साडेतीनशेवं वर्ष, त्यामुळे ढोलांना यंदा जोर जास्त. एका गाडीवर शिवराईची, म्हणजे महाराजांच्या तांब्याच्या नाण्याची, थर्माकोलची प्रतिकृती होती, पुरुषभर उंचीची. ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी. चांगली केली होती, फक्त कडेचे ठिपके फारच सारखे. खऱ्या शिवराईवर सारखं काहीच नसतं.

शिवराई तशी दुर्मीळ चीज नव्हे. पेशवाई बुडाली तरी ती मराठी मुलखाच्या बाजारात चालतच राहिली. दुदांडी, म्हणजे मागच्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली, तर मी नोकरीला लागलो तेव्हा तांबट आळीत मोडीच्या ढिगात मिळायची. पण ठसे हाताने कोरलेले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ठसा बाजूला सरकून ‘राजा’ अर्धाच उमटलेला. म्हणून दहा असल्या तरी अकरावी घ्यावीशी वाटायची.

मी एसटीत वाहक होतो, पुणे विभागात. दशमान पद्धत १९५७ साली आली खरी, पण आडगावात एखादी चवली, पावली, भोकाचा पैसा पुढेही कितीतरी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या कनवटीला असायचा आणि गर्दीत हळूच माझ्या हातावर यायचा. रात्री हिशेबाला बसलो की आपल्या खिशातले पैसे पिशवीत टाकायचे आणि ते नाणं काढून घ्यायचं. हा झाला माझ्या संग्रहाचा पाया. इमारत चढवली मुक्कामी गाडीने. संध्याकाळी गावात पोचायचं, सकाळी निघायचं. रात्र चावडीत, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर गाडीतच. कंडक्टरला जुन्या वस्तूंचं वेड आहे हे एकदा पसरलं की लोक आपणहून कंदील घेऊन यायचे. अडकित्ते, पितळी कुलपं, दौती, पानाचे डबे. पायली, अधोली, शेर, चिपटं अशी लाकडी मापं. एका मामलेदारांच्या घरून सावंतवाडीची दशावतारी गंजिफा मिळाली. असायला हवीत एकशेवीस पानं, त्यातली चार कमी.

हंडा सापडलाय म्हणून कुणी कुजबुजत आलं की मात्र मी हात जोडायचो. जमिनीतून दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर सरकारला कळवावं लागतं, १८७८चा कायदा आहे. ‘तहसीलदारांकडे जा’ म्हणायचो. ते तिकडे जायचे की सोनाराकडे, देव जाणे. माझ्याकडे यायचं ते नांगराच्या फाळाला लागलेलं, पावसाने बांधावरून धुऊन निघालेलं, आजीच्या फडताळात राहिलेलं. एकेकटं.

प्रत्येक नाण्याला पाकीट, पाकिटावर क्रमांक, आणि क्रमांकांची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. क्रमांक, गाव, तारीख, कुणाकडून, कुठे सापडलं, काय दिलं. सहा रकाने. कंडक्टरचा हिशेब आहे, त्यात शोभा काही नव्हती. वही नाण्यांच्याच लोखंडी कपाटात, त्यांच्या वरच्या खणात असायची.

बुधवार, २१ फेब्रुवारी

पंचनामा झाला. हवालदार तरुण आणि अदबशीर. “काका, या खोलीत काय काय होतं ते ओळीने सांगा.” मी सांगत गेलो. क्षत्रपांची चांदीची, सातवाहनांची शिशाची, निजामशाही तांब्याचे फलूस, पुण्याच्या टांकसाळीचे अंकुशी रुपये, चांदवडचा चांदोरी, लारी. लारीला त्याने पेन थांबवलं.

“लारी म्हणजे?”

“चांदीची तार. मधे दुमडून तिच्यावर ठसा मारायचे. विजापूरकरांनीही पाडली. कोकणातल्या बंदरांवर चालायची.”

त्याने मान डोलावून लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं: लोखंडी कपाट एक, जळालेली भांडी, चिल्लर.

जन्मभर चिल्लर मोजून पोट भरलेल्या माणसाने हरकत काय घ्यायची? तरी घेतली. त्याने ‘चिल्लर’च्या आधी ‘पुरातन’ असा शब्द वर लिहून त्यावर सही केली. मीही केली.

शनिवार, २४ फेब्रुवारी

इमारतीची तपासणी झाली. अभियंत्याने तासाभरापुरतं आत जाऊ दिलं, डोक्यावर टोपी घालून. जावई आणि नातू बरोबर.

बाहेरच्या खोलीत भिंतींचा गिलावा सुटून विटा उघड्या पडल्या आहेत. पंख्याची पाती खाली वाकली आहेत. आतल्या खोलीत कपाट उभं होतं. लोखंडी कपाट चोरापासून वाचवतं, आगीत ते भट्टी होतं. दार पहारीने उघडावं लागलं.

आगीने धातूधातूप्रमाणे निवाडा केला आहे. शिसं सव्वातीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही, त्यामुळे सातवाहनांची शिशाची सगळी नाणी गेली. हत्ती, झाड, उज्जयिनी चिन्ह, सगळ्यांचा मिळून खणाच्या पत्र्यावर एक करडा ओघळ. दोन हजार वर्षं जुन्नरच्या मातीत काढली त्यांनी. नंतरचा क्रम ॲल्युमिनियमचा, ६६० अंश: साठ-सत्तरच्या दशकातले एक, दोन, तीन आणि पाच पैसे. त्याचं दुःख नाही, ते अजूनही जुन्या बाजारात मूठभर मिळतात. शुद्ध चांदीला ९६२ अंश लागतात, पण राणीच्या रुपयात बारावा हिस्सा तांबं आहे आणि या जोडीला वितळायला तेवढी उष्णता लागत नाही. आठशेच्या आसपासच रुपया घाम सोडतो. रुपयांची चळत एकमेकांत बसून गेली आहे, वरच्याची राणी खालच्याच्या पाठीला चिकटलेली. पंचम जॉर्जचा १९११चा ‘डुकरवाला’ सापडला. बादशहाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला होता. आता त्यावर हत्तीही नाही आणि डुक्करही नाही.

तांब्याला वितळायला हजारावर अंश लागतात, त्यामुळे शिवराया तेवढ्या राहिल्या असतील अशी आशा होती. राहिल्या, पण कशा? तापलेल्या तांब्यावर काळी खपली धरते. वरून बंबाचं पाणी पडलं की ती तडतडून सुटते आणि जाताना अक्षरं घेऊन जाते. हातात आल्या त्या काळ्या, खरबरीत चकत्या. एकीवर ‘छ’ चाचपता येतो. बहुतेक ‘छ’च.

ज्याला काहीही झालं नाही तो १९४७चा रुपया, मागे वाघ असलेला. युद्धामुळे चांदी परवडेनाशी झाली तेव्हा नाणी निकेलची पाडली. निकेल चौदाशे अंशांच्याही वर वितळतं. निळसर झाक आली आहे, एवढंच. माझ्या सगळ्या रुपयांत सर्वांत कमी किमतीचा हाच असेल.

गंजिफा, लाकडी मापं, पाकिटं, वही यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वहीचे थर राखेत मोजता येत होते. नातवाने मोबाइलवर फोटो घेतला, मग छतावरून थेंब पडला.

आपल्या देशात चलनी नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, २०११च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा. जिन्यात हे जावयाला सांगितलं. त्याला वाटलं मला चक्कर येते आहे, दंड धरून उतरवलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

ही आज बोलली. “सगळी येतात ती तुमच्या नाण्यांबद्दल विचारतात. माझ्या आईचं पुरणयंत्र होतं. लग्नातला शालू होता. पोरांच्या जन्माच्या वेळची झबली होती. कुणी हवालदार ते लिहून घ्यायला आला नाही.”

मी म्हटलं, सांग, लिहून घेतो. पानभर झालं. त्यात लोणच्याच्या बरण्याही आहेत, वर्षावार.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दाखल्यासाठी अग्निशमन दलाच्या कचेरीत गेलो होतो. येताना शनिवारवाड्यासमोर रिक्षा सोडली आणि कट्ट्यावर बसलो. आज मराठी भाषा दिन, समोरच्या मांडवात शाळेची मुलं ओव्या म्हणत होती. वाड्याच्या आगीची तारीखही हीच: २७ फेब्रुवारी १८२८. सात दिवस जळत होता. आत उरले ते जोते, हौद आणि कारंज्यांच्या जागा. तट आणि दिल्ली दरवाजा तेवढे उभे.

पण वाडा जळाला म्हणून पेशवे हरवले नाहीत, कारण दप्तर राहिलं. कोणाला किती शिधा गेला, कुठल्या किल्ल्यावर किती दारूगोळा, कोणत्या पंडिताला दक्षिणा काय, हे सगळं कागदावर शिल्लक आहे. रियासतकार सरदेसायांनी त्यातून पंचेचाळीस खंड काढले. रिकाम्या जोत्याकडे बघून आपण ‘इथे गणेश महाल होता’ म्हणतो ते त्या कागदांच्या जोरावर.

माझं उलटं झालं. जोतं नाही, दप्तर गेलं. एकेक काळी चकती समोर आहे. ती भोरच्या बाजारातली की ओतूरच्या, तांबटाच्या ढिगातली की कुणाच्या बांधावरची, हे सांगणारा कागद नाही. संग्राहक मित्र फोन करतात आणि विचारतात, काय काय वाचलं? प्रश्नच चुकीचा आहे. धातू पुष्कळ वाचला.

शनिवार, २ मार्च

सराफ कट्ट्यामागच्या गल्ल्यांत पहाटे माती झाडणाऱ्या झारेकरी बायकांपैकी एकीला जावयाने गाठून आणलं. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचा कण काढायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. बाई साठीच्या, बरोबर सून. आधी खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी नुसता वास घेतला. मग चिमूटभर राख तळहातावर चोळली.

“बाबा, ही सोनाराची माती न्हाई. हितं समदं मिसळलंय. पितळ हाय, काच हाय, पिलास्टिक हाय. दोन दिस लागतील.”

मजुरी आणि शिसं त्यांचं, बाकी माझं, असं ठरलं. परातीत दोन ओंजळी राख, वर पाणी, आणि मनगटाची अशी एक फिरकी की हलकं ते कडेवरून जातं आणि जड ते तळाशी बसतं. मी शेजारी पाटावर. त्या बोटांनी चाचपून बाजूला टाकायच्या, बघायच्याही नाहीत. चांदीचे मणी डावीकडे, तांबं उजवीकडे, काच मागे. एक मणी मी उचलून शिशाचा म्हटलं. “चांदी हाय. दाताखाली धरा,” म्हणाल्या. धरला. चांदी होती.

दुपारी परातीत वाकड्या, काळ्या तारांचे तुकडे यायला लागले. त्यांनी ते विजेच्या वायरिंगचे म्हणून ढिगात टाकले. मी थांबवलं. माझ्या लाऱ्या पितळी डबीत होत्या, डबी वाकली तरी फुटली नव्हती, झाकण मात्र गायब. मग आम्ही तिघं कानस घेऊन बसलो. प्रत्येक तुकडा घासून पाहायचा: लाल निघाला तर वायर, पांढरा निघाला तर लारी. लाल. लाल. लाल. सुनेला हसू आवरेना. सासूने डोळे वटारले, मग त्याही हसल्या. संध्याकाळपर्यंत एक पांढरा निघाला. दुमडीपाशी तुटलेला, ठसा नाही.

“ह्ये चालायचं व्हय बाजारात? तार?” त्यांनी विचारलं. चालायचं म्हटलं. “मंग बरं व्हतं,” म्हणाल्या, “खोटं वळखाया सोपं.” याच कारणासाठी लारी व्यापाऱ्यांना आवडायची. वाकवली, खरवडली की आतलं दिसायचं.

मंगळवार, ५ मार्च

सोसायटीचा विमा इमारतीचा आहे. घरातल्या सामानाचं काही मिळालं तरी त्यात नाणी, नोटा, हस्तलिखितं धरत नाहीत. ती आधी वेगळी नोंदवून, किंमत ठरवून घ्यावी लागतात. एजंटाने ओळ वाचून दाखवली. ओळ स्पष्ट आहे. त्याने चहा घेतला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

महाशिवरात्र. सराफाकडे गेलो. चांदीचे मणी आणि गोळे वजन केले, एका गोळ्याचा कस लावला. म्हणाला, यात पितळातलं जस्त शिरलंय, आटणी करून शुद्ध करावी लागेल, घट बरीच येईल. भाव किलोला सत्तर हजारांच्या पुढे आहे, पैसे वाईट येणार नाहीत. “आटवून टाकू का काका?” मी म्हटलं, एकदा आटलेलंच आहे, घाई नाही.

सोमवार, ११ मार्च

एका वस्तुसंग्रहालयात रासायनिक जतनाचं काम केलेल्या बाईंकडे नातू घेऊन गेला. फार नीट बोलल्या. तांब्याला चिंच नको, लिंबू नको, राखुंडी तर नकोच. मी नाणी ज्या प्लास्टिकच्या पानांत ठेवायचो ती पीव्हीसीची होती. ते जळताना आम्लाची वाफ सोडतं, त्यातला क्लोरीनचा अंश तांब्यात शिरतो, आणि पुढे हवेतला ओलावा मिळाला की आतून हिरवी, पिठासारखी कीड लागते. म्हणजे आगीतून वाचलेली शिवराई पावसाळ्यात मरू शकते. ऊर्ध्वपातित पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची, पूर्ण सुकवायची, सिलिका जेलबरोबर घट्ट डब्यात ठेवायची. हिला एक डबा मागितला. तिने हळदीकुंकवाला मिळालेला दिला. झाकण अगदी घट्ट बसतं.

केळकर संग्रहालयाचा विषय निघाला. काका केळकरांनी लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावाने घराघरांतून वस्तू मागून आणल्या, वीस हजारांच्या आसपास, आणि पुढे सगळं शासनाला देऊन टाकलं. बाई म्हणाल्या, “तुम्हीही कुठे द्यायचा विचार केला होता का?” केला होता. वहीसकट द्यायचा होता. अर्धवट वही द्यायला मन घेत नव्हतं, पुरी करतोच आहे असं म्हणत राहिलो. आता हे उगाळून काय करायचं.

रविवार, १७ मार्च

अप्पा बळवंत चौकातून नवी वही आणली. लाल कापडी मिळाली नाही, निळी आहे. सहाच रकाने आखले.

नाण्याचं गाव एवढं महत्त्वाचं का, हे मला अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत एका शिबिरात पहिल्यांदा उमगलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी निघाली. सगळी नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारलेला. राजाच्या चेहऱ्यावर चैत्याचं चिन्ह. नहपानाचा खजिना गौतमीपुत्राच्या हाती पडला, याचा असा धडधडीत पुरावा. तीच नाणी दहा-दहा, वीस-वीस करून सोनारांकडे गेली असती तर काय उरलं असतं? दोन ग्रॅम चांदी, गुणिले तेरा हजार. नाणी एकत्र निघाली, गावाचं नाव लागलं, कुणीतरी बसून मोजली, म्हणून तो इतिहास झाला.

माझ्या एकेकट्या नाण्यांनी असलं काही सिद्ध होणार नव्हतं. पण जुन्नरच्या कुठल्या शिवारात शिशाचं नाणं निघतं आणि कुठल्या शिवारात मिश्रधातूचं, याचा एक ढोबळ नकाशा त्या वहीत होता. तो मी कधी काढला नाही, पण काढता आला असता.

आता आठवून लिहितोय. पहिली दोन पानं भराभर झाली आणि मग लक्षात आलं की मी खोटं लिहितोय. म्हणजे ठरवून नव्हे. निजामशाही फलूस म्हटला की हात आपोआप ‘जुन्नर’ लिहितो, कारण शिवनेरी निजामशाहीचा. पण तो मी खरोखर जुन्नरला घेतला की जुन्या बाजारात एखाद्या रविवारी? पुस्तकातलं ज्ञान आठवणीच्या जागी बसतंय. ती पानं फाडली. नवीन नियम: माणूस आठवला तरच गाव लिहायचं. चेहरा, घर, त्या रात्री जेवायला काय होतं, यातलं काहीतरी आठवलं पाहिजे. नाहीतर रकाना कोरा.

कोरे रकाने फार होतायत.

रविवार, २४ मार्च

होळी. सोसायटीत पेटवली. ही आणि मी वरच थांबलो, पोळ्या खाल्ल्या.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. रविवारी जुन्या बाजारात भेटणारी मित्रमंडळी आली होती. प्रत्येकाने एकेक नाणं आणलं, ‘नव्याने सुरुवात करा’ म्हणून. एकाने चक्क अंकुशी रुपया दिला. मी अवघडलो. परत करणं बरं दिसेना. ते गेल्यावर निळ्या वहीत नोंद केली: गाव पुणे, तारीख आजची, कुणाकडून, सगळे रकाने भरलेले. नाण्यावरचा अंकुश मात्र मी नीट पाहिलाही नाही.

इमारतीत परत जायला दिवाळी उजाडेल.

रविवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंती, आणि अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या लगडी, अशी भरती. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. आमच्या भागात आज प्रात्यक्षिक होतं. त्या रात्री आजींना उतरवणारा जवान भेटला, त्याला पेढे दिले. तो मला ओळखेना, पण आजींबद्दल विचारलं.

गोदीतली एक लगड म्हणे मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात छत फोडून पडली आणि त्यांनी ती परत केली. पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना लगडी निघत राहिल्या. सोन्याचं बरं असतं. चिखलातून काढा, आगीतून काढा, वजन केलं की ते पुरतं परत आलं. लगडीला कुणी विचारत नाही, तू कुणाच्या बांधावर होतीस.

मंगळवार, २३ एप्रिल

वाकडेवाडीहून जुन्नर. अर्धं तिकीट, पासष्ट ते पंच्याहत्तरच्या लोकांना आहे. वाहक मुलगी होती, यंत्रातून तिकीट काढून हातात दिलं, मला उगाच त्यात पंचचं भोक शोधावंसं वाटलं. पुढे नाणेघाटाच्या वाटेवरचं एक गाव. मुक्कामी गाडीचं माझं सगळ्यांत लाडकं ठिकाण. इथल्या एका आजोबांनी मला हत्तीचा ठसा असलेलं मिश्रधातूचं सातवाहन नाणं दिलं होतं. ते नाणं आगीत अर्धं बसलंय, सोंड आणि पुढचे पाय ओळखू येतात. चेहरा, घर, जेवण, तिन्ही आठवत होतं: नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण.

आजोबा कधीच गेले. सूनबाई आता स्वतः आजी झाल्यात, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

“तुमी मुक्कामाचं कंडक्टर ना? आन् टोपी कुटं गेली?”

नाणं दाखवलं. त्यांनी ते सुपात ठेवून फिरवून पाहिलं. मी म्हटलं, “वहिनी, आजोबांना हे वरच्या बांधाला सापडलं होतं ना? पावसाळ्यात?”

“बांधाला कशाला? खळं सारवताना मलाच घावलं व्हतं. मामंजींनी माझ्या हातातनं घेटलं नि तुमाला दिलं.”

माझ्या जुन्या वहीतही बांधच लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवतंय. म्हणजे ती शाबूत असती तरी हा रकाना चुकीचाच राहिला असता. आणि ‘कुणाकडून’चाही. मी त्यांच्यासमोरच निळी वही काढली आणि त्यांचं नाव विचारून लिहिलं. त्या वाकून बघत होत्या.

“काय दिलं, ते बी लिवता का हितं?”

“हो. पंधरा रुपये.”

“धा. पाच राहिल्यात तुमच्याकडं.”

“वहिनी, पाच मी पुढच्याच खेपेला दिले होते. आजोबांच्या हातात.”

“न्हाई. मामंजी मरस्तवर म्हनत व्हतं, कंडक्टरकडं पाच रुपये हायेत. सुट्टं नव्हतं म्हनला, तिकिटामागं लिवून द्यायाचं व्हतं.”

इथे काय बोलणार? मी खिशातून पाचचं नाणं काढलं. त्यांनी ते घेतलं नाही. “तवाचं पाच,” म्हणाल्या. मग पन्नासची नोट काढली, ती घेतली, आणि मला चहा केला. चहा पिताना त्यांनी शेजारच्या दोन घरांतल्या बायकांना हाक मारून सांगितलं की कंडक्टर हिशेब मिटवत फिरतोय, कुणाचं काय राहिलं असेल तर आत्ताच सांगा.

तिघी आल्या. एकीच्या सासऱ्यांनी मला अडकित्ता दिल्याचं तिला आठवतंय. मला आठवत नाही, पण माझ्याकडे घोड्याच्या तोंडाचा एक होता. पितळेचा भाग वितळलाय, पोलादी पातं आहे. पुढच्या खेपेला पातं घेऊन येतो म्हटलं.

परतीच्या गाडीत नोंद पुरी केली. क्रमांक एक. मिश्रधातू, हत्ती. खळं सारवताना सापडलं. किंमत पंधरा रुपये. पैकी पाच वादातले, पन्नास देऊन मिटवले.